जनुक-चाचणीआधी डोळ्यांचा पडदा तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उतारवयात डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत जातो त्या मॅक्युलर डीजनरेशन या आजारावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. हा आजार आनुवंशिक आहे, हे त्यातलं विधान खरं आहे. पण लेख तिथेच थांबतो, आणि घरात कुणाला हा आजार असलेला वाचक घाबरून लाळेचा नमुना जनुक-चाचणीला पाठवून मोकळा होतो. माझ्या आईला हा आजार आहे, त्यामुळे ही भीती मी जवळून ओळखते.

२००५ मध्ये सीएफएच या जनुकातल्या डीएनएच्या एका अक्षराच्या बदलाचा या आजाराशी असलेला संबंध उघड झाला. रोगप्रतिकारशक्तीचा भाग असलेल्या कॉम्प्लिमेंट यंत्रणेला हे जनुक आवर घालतं; बदलामुळे तो आवर सैल पडतो आणि पडद्याखाली दाह धुमसत राहतो. आईवडील दोघांकडूनही हा बदल आलेल्यांना धोका सुमारे सातपट, असं तेव्हाच्या एका अभ्यासात दिसलं. आकडा छातीत धडकी भरवणारा आहे खरा, पण तो बदल असूनही म्हातारपणापर्यंत स्वच्छ पाहणारे पुष्कळ आहेत. २०१६ पर्यंत तर या आजाराशी निगडित ५२ बदल, जनुकसंचातल्या ३४ ठिकाणी, सापडले होते. एका अहवालावरून कुणाची दृष्टी जाणार हे ठरत नाही.

शिवाय अहवाल हाती आला तरी उपचार बदलत नाहीत. म्हणूनच अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेनेही ही चाचणी सरसकट करू नये असं सुचवलं होतं. धूम्रपानाने मात्र धोका दुपटीहून वाढतो आणि ते सोडणं आपल्या हातात आहे. लेखात त्याचा उल्लेखही नाही, याचं मला फार वाईट वाटलं. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचंही तसंच. आजार मध्यम टप्प्यावर असेल तर तो बळावण्याचा धोका त्या साधारण पाव हिश्श्याने कमी करतात. निरोगी डोळ्यांना या गोळ्या आजारापासून वाचवतात असा पुरावा नाही. या गोळ्यांच्या जुन्या मिश्रणातल्या बीटा-कॅरोटीन या घटकामुळे धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाची भीती होती, म्हणून आता त्याजागी ल्युटीन आणि झियाझँथिन हे घटक वापरतात. डॉक्टरांना न विचारता दुकानातून डबा आणणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार असेल, तर पन्नाशीनंतर डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्यावी. सुरुवातीला काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून ती टाळू नये. सरळ रेघ वाकडी दिसू लागली तर मात्र एक दिवसही थांबू नये. पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून गळू लागल्या असतील, तर डोळ्यात द्यायचं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितकी नजर वाचते.

एक विनंती. रेघा वाकड्या दिसतात का हे घरीच पाहता यावं म्हणून मधोमध ठिपका असलेली चौकटींची अ‍ॅम्स्लर जाळी पुढच्या आरोग्य पुरवणीत छापावी, आणि वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून ती कशी पाहायची ते शेजारी लिहावं.

आपली,
एक वाचक