आंजर्ल्याच्या त्या काकूंचे आणि दादांचे आभार

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला आम्ही जुन्या पाखाडीने चढून गेलो. उजव्या सोंडेच्या गणपतीचं दर्शन झालं, समुद्रातला सुवर्णदुर्ग पाहिला आणि अचानक आईला घेरी आली. हातपाय गार पडले, फोनला रेंज नाही.

देवळाबाहेर फुलं आणि कोकम सरबत विकणाऱ्या काकू दुकान तसंच टाकून धावत आल्या. पहिला प्रश्न, "यांना साखर आहे का हो?" नाही म्हटल्यावरच त्यांनी मीठ-साखर घातलेलं कोकम घोट घोट पाजलं, पदराने वारा घातला. एक तरुण दादा बाईकवरून गावात जाऊन रिक्षा घेऊन आला. निघताना काकूंनी आईच्या चपला शोधून आणल्या आणि खाली बसून तिच्या पायांत सरकवल्या. ते अजून डोळ्यांसमोर आहे. परक्या बाईसाठी इतकं कोण करतं?

रिक्षावाले काका प्रत्येक खड्ड्याला वेग कमी करत डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि तपासणी होईपर्यंत थांबले. बीपी उतरलं होतं. भाड्याव्यतिरिक्त एक रुपया घेतला नाही.

काकू, दादा, काका, मनापासून आभार. आई आता ठणठणीत आहे आणि तुमची रोज आठवण काढते.