विषय: प्लॅन व्ह्यूअरमध्ये नेस्टेड लूपची वेळ चुकीची दिसते, तिकीट परत उघडा

प्रॉडक्ट टीम आणि सपोर्ट मॅनेजर,

आत्ता तुमच्या सपोर्टचा फोन ठेवला आणि लगेच हे लिहितोय, कारण तिकीट परत एकदा 'रिझॉल्व्ह्ड' करून टाकलंय तुम्ही. काहीही सुटलेलं नाहीये. डेटाबेस क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालवतो आणि कुठे किती वेळ जातो, हे दाखवणं हेच तुमच्या प्लॅन व्ह्यूअरचं काम, आणि तेच चुकतंय.

एक्सप्लेन ॲनालाइझ ही क्वेरी खरोखर चालवून पायरीपायरीची वेळ सांगणारी पोस्टग्रेस डेटाबेसची कमांड, तिच्यातला ॲक्च्युअल टाइम हा एका लूपचा, म्हणजे एका फेरीचा ॲव्हरेज असतो, एकूण वेळ हवी तर लूप्सने गुणायचं, हे पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. तुमचं नवीन व्हर्जन गुणत नाही. आधीचं गुणायचं.

आमच्या प्लॅनमध्ये नेस्टेड लूप आहे, म्हणजे बाहेरच्या प्रत्येक रोसाठी आतला शोध एकदा फिरतो, आणि बाहेर ऑर्डर्सचं टेबल आहे. प्लॅनरचा (डेटाबेसमधला प्लॅन ठरवणारा भाग) अंदाज ४० रो, प्रत्यक्षात आले ४,१२,०००, म्हणजे आतला इंडेक्स स्कॅन तितक्या वेळा फिरला, एका फेरीला ०.०१९ मिलिसेकंद. गुणा की, ७.८ सेकंद होतात आणि अख्खी क्वेरी ९.४ सेकंदांची आहे. तुमच्या स्क्रीनवर मात्र त्या नोडला, म्हणजे प्लॅनमधल्या त्या पायरीला, हिरवा रंग आणि ०.०१९, आणि लाल कोणाला तर अख्खं टेबल वाचणाऱ्या, ६४० मिलिसेकंदवाल्या सीक्वेन्शियल स्कॅनला! त्या लाल रंगावर विश्वास ठेवून आमच्या टीमने ज्या टेबलवर दिवसभर इन्सर्ट चालतात त्यावर नवीन इंडेक्स टाकला, इन्सर्ट मंदावले, क्वेरी तिथेच. शेवटी पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड लाइनवर, प्लॅनचा कच्चा टेक्स्ट ओळीओळीने वाचला तेव्हा कळलं की शहर आणि स्टेटस हे कॉलम एकमेकांवर अवलंबून आहेत म्हणून अंदाज गंडतोय. क्रिएट स्टॅटिस्टिक्सने तो संबंध डेटाबेसला मोजायला सांगितला, मग ॲनालाइझने आकडेवारी ताजी केली, प्लॅन नेस्टेड लूप सोडून हॅश जॉइन या दुसऱ्या जोडणीवर गेला, काम झालं. ४० आणि ४,१२,००० मधला फरक दाखवायलाच तर टूल विकत घेतलं होतं ना? तो तुम्ही तिसऱ्या टॅबमध्ये लपवलाय.

आता आजचा फोन. मी वरचं सगळं शांतपणे सांगितलं, प्लॅनचं जेसन, म्हणजे त्याच प्लॅनची टेक्स्ट फाइल, आधीच पाठवलेलं होतं. पलीकडून पहिला प्रश्न, "सर, ब्राउझरची कॅशे क्लिअर केली का?" केली. "मग डेटाबेस एकदा रीस्टार्ट करून बघा ना." प्रॉडक्शन डेटाबेस, भर दुपारी, तुमच्या स्क्रीनवरचा आकडा चुकलाय म्हणून. मी म्हटलं अहो, जेसनमध्ये लूप्सचा आकडा आहे, तो बघा आणि गुणा, कॅल्क्युलेटर आहे ना समोर. थोडा वेळ होल्डवर ठेवलं. परत आले आणि म्हणाले, "सर, सीनियरशी बोललो, एकूण वेळ ९.४ बरोबर येतेय ना, मग टूल बरोबर आहे, तुमची क्वेरीच स्लो आहे." अहो क्वेरी स्लो आहे म्हणूनच तर माणूस प्लॅन व्ह्यूअर उघडतो! कुठे स्लो आहे ते सांगायचे पैसे घेता तुम्ही. हे बोललो तर उत्तर आलं, "सर, तुम्हाला प्लॅन वाचायचं ट्रेनिंग हवं असेल तर पेड सेशन आहे." मी वर्षानुवर्षं हेच काम करतोय, आणि हे वाक्य मी विसरणार नाही. तुमच्या सीनियरने ते जेसन उघडून तरी बघितलं का, एवढंच मला लेखी कळवा.

मध्ये एक पॅच दिला होता तुम्ही, त्याबद्दलही बोलायलाच हवं. त्यात गुणाकार आला, पण सगळीकडे. पॅरलल सीक्वेन्शियल स्कॅनमध्ये एकच टेबल अनेक प्रोसेस वाटून वाचतात, दोन वर्कर आणि लीडर मिळून लूप्स ३ येतात, तिघं एकाच वेळी चालतात, तिथे वेळ तिप्पट करून एकूण वेळेशी ताडायची नसते. तुमच्या पॅचने २.१ सेकंदांचे ६.३ केले आणि २.४ सेकंदांच्या क्वेरीत त्या नोडचा वाटा २६२ टक्के दाखवला. हा आकडा रिलीजआधी कुणाच्याच डोळ्यांना खुपला नाही? मग तो पॅच गुपचूप काढून घेतलात आणि परत पहिली चूक चालू, नेस्टेड लूप गुणत नाही.

वाईट याचं वाटतं की हे टूल खरंच चांगलं होतं. आमच्याकडची नवीन मुलं प्लॅन वाचायला त्याच्यावरच शिकली, मीच सगळ्यांना घ्यायला लावलं होतं. आज तीच मुलं हिरवा रंग बघून पुढे जातात आणि मला प्रत्येक वेळी सांगावं लागतं की थांबा, लूप्स बघा.

नेस्टेड लूप आणि पॅरलल नोड वेगवेगळे हाताळा, अंदाज आणि प्रत्यक्ष रो यातला फरक पहिल्या स्क्रीनवर आणा, आणि तोपर्यंत चुकीच्या आकड्यांबद्दल सगळ्या ग्राहकांना मेल पाठवा, कारण त्यांच्यातलेही कितीतरी जण आत्ता नको तिथे इंडेक्स टाकत असतील. पुढचा फोन प्लॅन वाचता येणाऱ्या माणसाचाच यायला हवा. रिन्यूअलच्या आधी हे झालं नाही तर टीमची सगळी लायसन्स बंद करतोय, पीईव्ही२ हे दुसरं प्लॅन दाखवणारं टूल फुकट आहे आणि लूप्सने गुणतं. आणि ते पेड ट्रेनिंगचं वाक्य बोलल्याबद्दल मला लेखी माफी हवीय, तिकिटावरच.