पिल्लांच्या जाहिरातीत आईचं वयही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या छोट्या जाहिरातींत प्लॉट, भाड्याच्या खोल्या आणि वधू-वरांच्या शेजारी हल्ली कुत्र्यांची पिल्लंही असतात. ‘लॅब्रॅडॉर, 30 दिवसांची, नर-मादी, त्वरित संपर्क.’ आई किती वर्षांची, हे तिचं कितवं वेत, तिला कुणी तपासलंय का, याचा कुठेच पत्ता नसतो. केंद्र सरकारने 2017 मध्ये श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम केले. 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला त्यात बंदी आहे. म्हणजे विक्रेता स्वतः पैसे भरून नियम मोडल्याची जाहीर कबुली छापून घेतो आणि आपण रविवारी चहासोबत ती वाचतो.

पण या पत्राचा रोख धंदेवाल्यांपेक्षा घरगुती मंडळींवर जास्त आहे. घरात एक लॅब किंवा पामेरियन असते, ती माजावर येते, ओळखीत कुणाकडे तरी नर असतो. फोनवर ठरतं, ‘एक पिल्लू आमचं, बाकी तुमची.’ झालं!

खरं तर जनावराची पारख कोल्हापूरकराला कुणी शिकवायची गरज नाही. म्हैस घ्यायची तर आपला माणूस दावणीला दोन-चार चकरा मारतो, कास बघतो, दात मोजतो, आई किती लिटर देत होती ते विचारतो, वेत कितवं ते विचारतो आणि वर शेजाऱ्यालाही गाठून खातरजमा करतो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हातात धरून म्हशीच्या सात पिढ्या सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. हाच माणूस कुत्रीचं मेटिंग ठरवताना एवढंच बघतो, की रंग सोनेरी आहे का आणि डोकं मोठं आहे का.

आमच्या लॅबला दोन वर्षं होत आली तशी गल्लीतून विचारणा सुरू झाली. ‘काकू, एक वेत होऊन जाऊ दे की. नाहीतर रोग धरतोय त्यांना.’ हे ऐकलं नाही असं कुत्रं पाळणारं घर कोल्हापुरात सापडायचं नाही. एकदा पिल्लं झाली की कुत्रीची तब्येत सुधारते, याला वैद्यकशास्त्रात काहीही आधार नाही. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार वय झालेल्या कुत्रींमध्ये नेहमी दिसतो आणि पिल्लं होऊन गेलेल्या कुत्रीलाही तो होतो. गर्भाशय काढलेल्या कुत्रीला मात्र ती भीती राहत नाही.

तरीही आम्ही विचार केला होता. कुत्री गुणी आहे, अनोळखी पोरांनी शेपूट ओढली तरी गुरगुरत नाही. असा स्वभाव पुढे जावा असं कुणालाही वाटेल. डॉक्टर म्हणाले, आधी खुब्यांचा एक्स-रे काढू. फिल्म दिव्याच्या काचेवर लावली तेव्हा माझ्यासारख्या अडाणी बाईलाही फरक कळला. उजवीकडे मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत गच्च बसलेला. डावीकडे वाटी उथळ आणि गोळा निम्मा बाहेर. कुत्री लंगडत नव्हती, रोज रंकाळ्याला फेरी मारत होती, वरून काही म्हणता काही दिसत नव्हतं. लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये हा दोष पुष्कळ आढळतो आणि तो पिल्लांत उतरू शकतो. विषय तिथंच मिटला, गर्भाशय काढायचं ऑपरेशन करून घेतलं. नरवाले दादा थोडे नाराज झाले. ‘पेपर असलेली कुत्री वाया घालवली’ म्हणाले. केनेल क्लबच्या पेपरवर आई-बाप, आजा-पणजा कोण ते असतं. खुबा कसा आहे ते नसतं.

एक्स-रे चांगला आला असता तरी पुढचा हिशेब होताच. कुत्री पहिल्यांदा माजावर येते ती साधारण 6 ते 12 महिन्यांत. तेव्हा तिचीच हाडं वाढत असतात. नियमाप्रमाणे 18 महिन्यांच्या आत आणि 8 वर्षांनंतर मेटिंग नाही, जन्मात 5 पेक्षा जास्त वेतं नाहीत. मोठ्या जातीत खुब्यांचा एक्स-रे 2 वर्षांनंतरचा जास्त भरवशाचा, म्हणून तोवर थांबणं शहाणपणाचं. मेटिंगआधी नर आणि मादी दोघांचीही ब्रुसेलाची रक्ततपासणी हवी. त्या आजाराने गर्भ पडतो आणि तो माणसालाही होऊ शकतो. पग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींत बाळंतपण पुष्कळदा सिझेरियनवर जातं. त्यांचं वेत हौसेने घेणं मला तरी पटत नाही.

आणि महिना? तो तर कुणी बघतच नाही. कुत्री साधारण 63 दिवसांत विते. मेच्या सुट्टीत मेटिंग उरकलं की पिल्लं ऐन आषाढात. पहिले दोन आठवडे पिल्लांना अंगची ऊब धरता येत नाही, आणि आपल्याकडे तेव्हा चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, गोधड्या वाळत नाहीत, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. पंचगंगेच्या काठच्या घरांनी तर 2019 आणि 2021 चा महापूर आठवून बघावा.

सगळ्यात अवघड प्रश्न घरांचा. लॅबला सात-आठ पिल्लं सहज होतात. एक नरवाल्याचं, एक आपण ठेवू. उरलेल्यांसाठी मेटिंगच्या आधी ‘घेतो की’ म्हणणारे डझनभर असतात, पिल्लं डोळे उघडेपर्यंत त्यातल्या निम्म्यांचे फोन लागत नाहीत. मादी पिल्लं तर कुणालाच नको असतात. मग पाचव्या आठवड्यात घाई सुरू होते, कारण तोवर आईचं दूध आटत येतं, आठ तोंडं खायला मागतात आणि अंगण घाण होतं. नेमक्या याच आठवड्यांत पिल्लं भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं ते शिकतात. हे शिक्षण अर्धवट सोडून गेलेलं पिल्लू पुढे घरातल्या लेकराला चावलं, की त्याला गाडीत घालून हायवेला सोडून देतात. गळ्यात पट्टा असलेली लॅब रस्त्याच्या कडेला बावरून उभी असलेली आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. म्हणून माझं मत असं, की पैसे हातात ठेवणारी घरं आधी आणि मेटिंग मागाहून. दिलेलं पिल्लू चार वर्षांनी परत आलं तरी घरात घ्यायची तयारी नसेल, तर या भानगडीत पडूच नये.

ज्याला खरोखर वंश राखायची हौस आहे, त्याने जरा कर्नाटकातल्या मुधोळच्या कुत्र्याकडे बघावं. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ती शिकारी जात 2005 मध्ये टपाल तिकिटावर आली. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या जातीसाठी केंद्रही आहे. आपल्या उन्हाला टिकणारं हे कुत्रं सोडून आम्ही वैशाखात एसीपुढे धापा टाकणारा, बर्फाळ मुलखातला हस्की आणतो, आणि वर त्याच्यासाठी जोडीदार शोधतो!

आपल्याकडे विनंती एवढीच. विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक, पिल्लांची जन्मतारीख आणि आईचं वय एवढ्या तीन गोष्टी दिल्याशिवाय पिल्लांची जाहिरात स्वीकारू नये. फार तर एक ओळ वाढेल, तिचे पैसे जाहिरातदाराकडून जरूर घ्यावेत.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर