सोसायटीचा कार्बन आधी पंपापाशी मोजा

महोदय,

गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक अहवालात हल्ली वीजबिलाच्या जोडीला कार्बन फूटप्रिंटचा आकडा डोकावू लागला आहे. तो काढण्याची रीत सोपी : बारा बिलांतली युनिट्स मिळवायची आणि 0.7 ने गुणायचे. गुणक बरोबरच आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण तेवढे किलो कार्बन डायऑक्साइड निघते. पण वीज गेली कुठे, हे त्या बेरजेतून कळत नाही.

कॉमन मीटरवर लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पंप एकत्र असतात. पंपाला वेगळा सब-मीटर बसवावा आणि दर सोमवारी ठरल्या वेळी त्याचे व पालिकेच्या पाणीमीटरचे रीडिंग एकाच वहीत लिहावे. टँकर आला असेल तर त्याचेही पाणी धरावे. मग हजार लिटरमागे किती युनिट लागले ते काढावे. हजार लिटर पाणी 30 मीटर चढवायला कागदावर 0.08 युनिट पुरते. पंप आणि मोटर मिळून 40 टक्के कार्यक्षमता धरली तर 0.2. सात मजली इमारतीत हा आकडा 0.4 वर गेला, तर कुठेतरी पाणी मुरते आहे, तेही शब्दशः.

दोन पंप आळीपाळीने चालतात तिथे आधी बंद पंपाकडे पाहावे. त्याचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर चालू पंपाने वर ढकललेले काही पाणी त्याच्यातून पुन्हा खालच्या टाकीत उतरते. तेच पाणी दोनदा चढते आणि पाणीमीटरला त्याचा पत्ताही नसतो. बंद पंपाचा शाफ्ट उलटा फिरताना दिसला की निदान झाले. याउलट, हजार लिटरमागचा आकडा जागेवर आहे, पण पाणी आणि वीज दोन्ही वाढले, तर पंप निर्दोष; वरच्या टाकीचा फ्लोट आणि घरोघरचे फ्लश तपासावेत.

सब-मीटर सीटीवर (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मोठा विद्युतप्रवाह ठरावीक प्रमाणात घटवून मीटरला देणारे उपकरण) असेल तर जोडणी जाणकाराकडून तपासून घ्यावी. 200/5 च्या सीटीला रीडिंग 40 ने गुणावे लागते, हे विसरणारे बरेच. तीनपैकी एका फेजची सीटी उलटी लागली, तर वापर जेमतेम एक तृतीयांश दिसतो आणि कमिटी बचतीचे पेढे वाटते. जनरेटरच्या डिझेलचा हिशेब मात्र सरळ आहे : लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड.

मुंबईच्या हवामान कृती आराखड्याने 2022 मध्ये 2050 सालचे नेट झीरोचे उद्दिष्ट ठेवले आहे. पालिकेने सोसायट्यांकडून माहिती मागवलीच, तर एकूण युनिट्सबरोबर हजार लिटरमागच्या युनिटचाही रकाना ठेवावा, ही विनंती.

- एक ऊर्जा परीक्षक, मुलुंड