सिल ३ चं सर्टिफिकेट आणि न हललेला व्हॉल्व्ह

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला कारखान्यांच्या सुरक्षेवरचा लेख वाचला. विषय घेतलात, बरं वाटलं, पण सिल ३ (सिल म्हणजे सेफ्टी इंटिग्रिटी लेव्हल, सुरक्षा यंत्रणेच्या भरवशाची पातळी) सर्टिफाइड ट्रान्समीटर, म्हणजे प्रेशर, लेव्हल वगैरे मोजून सिग्नल देणारं यंत्र, बसवला की प्लांट सिल ३ झाला असं जे छापलंय ते वाचून रात्री झोप लागली नाही. अहो, सिल एकट्या ट्रान्समीटरचं नसतंच, ते पूर्ण सेफ्टी फंक्शनचं, म्हणजे धोका दिसताच प्लांट थांबवणाऱ्या साखळीचं असतं. मोजणारा सेन्सर (म्हणजे तो ट्रान्समीटर), निर्णय घेणारा मधला लॉजिक सॉल्व्हर आणि शेवटी लाइन बंद करणारा शटडाउन व्हॉल्व्ह, तिघांचं मिळून. ऐन वेळी यातलं काहीतरी दगा देईल ही सरासरी शक्यता सिल २ ला शंभरात एकाहून कमी लागते, सिल ३ ला हजारात एकाहून कमी. आणि त्या हिशोबात बहुतेक वेळा सगळ्यात मोठा वाटा व्हॉल्व्हचा असतो. लेखात व्हॉल्व्ह हा शब्दसुद्धा नाही!

मी इन्स्ट्रुमेंटवाला, आता रिटायर. आमच्याकडे रिअॅक्टरच्या फीड लाइनवर असाच एक व्हॉल्व्ह होता. हिशोब करताना प्रूफ टेस्ट, म्हणजे ऐन वेळी चालेल का याची चाचणी, दरवर्षी धरलेली, पण प्रॉडक्शन थांबवायचं नाही म्हणून ती पुढे पुढे ढकलली जायची आणि फॉर्मवर ओके पडायचं, का तर सॉलेनॉइड (हवा सोडणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह) वाजला. शेवटी प्लांट बंद असताना खरी ट्रिप, म्हणजे बंद व्हायचा सिग्नल, देऊन बघितली. सॉलेनॉइड टक् करून वाजला, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या अॅक्च्युएटरमधली हवा फुस्सकन सुटली आणि व्हॉल्व्ह आपला उघडाच. खाली वाकून बघतो तर स्टेमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावर, रंगाऱ्याने पार ग्लँडपर्यंत (दांडा आत जातो तिथपर्यंत) रंग फासलेला, वर धुळीचा घट्ट थर. पाना लावून हलवावा लागला. मी रिपोर्ट दिला तर साहेब म्हणाले सर्टिफिकेट आहे ना, मग कशाला वाढवताय, आणि रिपोर्ट गेला कपाटात. तो राग माझा अजून गेलेला नाही. दोन टेस्टमधलं अंतर दुप्पट केलं की दगा मिळायची शक्यता पण साधारण दुप्पट होते, हे त्यांनाही माहीत होतं.

बन्सफील्ड आठवा. ११ डिसेंबर २००५, इंग्लंडमधल्या पेट्रोलच्या डेपोतला स्फोट. ९१२ नंबरच्या टाकीचा लेव्हल गेज अडकला, टाकी भरत राहिली, वर हाय लेव्हलला भरणं थांबवणारा वेगळा स्विच होता तोही चालला नाही, कारण त्याची टेस्टची दांडी जागेवर धरून ठेवणारं कुलूपच लावलेलं नव्हतं. ते कुलूप कशासाठी असतं हेच तिथल्या लोकांना नीट माहीत नव्हतं. अशा वेळी स्विचचं सर्टिफिकेट काय कामाचं?

लेखाच्या चौकटीत 'सिल ४ सर्वोत्तम' असंही आहे. सिल म्हणजे परीक्षेतले मार्क नव्हेत की जास्त ते चांगले. धोका किती कमी करायचाय त्यावरून सिल ठरतं, आणि प्रोसेस प्लांटमध्ये हिशोब सिल ४ वर गेला तर जाणती माणसं आधी मूळ डिझाइनच परत तपासतात.

कृपया दुरुस्ती छापा, तीही पुरवणीतच, आतल्या पानावर दोन ओळीत नको. आणि 'सुरक्षा प्रणाली' म्हणून जो फोटो टाकलाय तो डीसीएसच्या, म्हणजे रोजच्या कंट्रोल सिस्टीमच्या, स्क्रीनचा आहे. डीसीएस प्लांट चालवायला असतो, ट्रिप देणारी सिस्टीम त्याच्यापासून वेगळी ठेवतात. तेवढा फोटो पण बदला.

आपला,
एक जुना वाचक