कोयत्यामागं गेलेली मंडळी : पाळक झालेल्या लेकीस

चि. एस्तेर हिस आईचा सप्रेम सलाम व आशीर्वाद.

तुझा फोन ठेवल्यावर पप्पा म्हणाले, "तिला लिहून कळव, फोनवर ती ऐकत नाही." म्हणून लिहायला बसले. चर्चच्या रजिस्टरात दीडशे नावं आणि उपासनेला पंचवीस डोकी, त्यातही निम्मी म्हातारी, हे सांगताना तुझा आवाज रडवेला झाला होता. आणि त्याच दमात तू नाताळात मांडव घालून, मोठा साऊंड लावून तीन दिवसांच्या सुवार्ता सभेचा बेत सांगितलास. अगं, तुझी मंडळी पळालेली नाही. पाथर्डी तालुक्यातली मंडळी ती. दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयता उचलते आणि साखर कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की घरी येते. मांडवात बसायला उरतील त्या म्हाताऱ्या, आणि त्यांना सुवार्ता तुझ्याहून जास्त पाठ आहे.

तेव्हा साऊंडचे पैसे गाडीभाड्याला ठेव. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना एकेकीला भेटून वहीत लिहून घे: कोणाचा मुलगा-सून कोणत्या कारखान्यावर, टोळीचा मुकादम कोण, लेकरं सोबत नेलीत की आजीकडे ठेवलीत. नाताळची उपासना उसाच्या फडावर घे. जाताना महिला मंडळातली एक बाई आणि मंडळीतला एक वडीलधारा सोबत असू दे. पोचल्यावर आधी मुकादमाला भेट. त्यानं टोळीला मजुरीची आगाऊ उचल दिलेली असते, परकं माणूस आलं की टोळी फोडायला आलं असं त्याला वाटतं. चहा घे, काय करणार ते सरळ सांग, मग कोप्यांकडे, मजुरांच्या झोपड्यांकडे, वळ. वेळ तू ठरवू नकोस. पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधायच्या, ट्रॅक्टर रात्री दहाला आला तर दहाला भरायचा. बाई भाकरी थापत असेल तर चुलीपाशी बस, ती थापता थापता गाणं म्हणेल. एक गीत, एक उतारा, एक प्रार्थना, अर्ध्या तासात आटप. सेमिनरीतलं तीन मुद्द्यांचं प्रवचन चर्चमध्ये कर. दिवसभर वाकलेल्या माणसाला मुद्दे मोजायला लावू नयेत.

शेजारच्या कोप्यांत वंजारी असतील, बंजारा असतील, आपल्याच गावची इतर माणसं असतील. तीही येऊन बसतात. कुणी तापलेलं लेकरू मांडीवर आणून देईल. प्रार्थना जरूर कर, आणि आमेन म्हटल्याबरोबर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचव. उसात साप असतात. साप चावलेल्या माणसाचे उपचार अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी हा शहाणपणाचा प्रश्न आहे. हल्ली काही पाहुणे प्रचारक गोळ्या बंद करायला सांगतात. तुझ्या व्यासपीठावर तसल्याला उभं करू नकोस, मग तो कितीही मोठ्या शहरातून आलेला असो.

आता नाजूक गोष्ट. फडावर कुणी म्हणेल, ताई, आम्हाला बाप्तिस्मा द्या. तिथं देऊ नकोस. घटनेच्या २५ व्या कलमानं धर्म पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. पण १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आपला विश्वास सांगणं आणि कुणाला ओढून आणणं यातली रेघ तुला रोज दिसली पाहिजे. मदत आणि बाप्तिस्मा एका दिवशी, एका हातानं कधीच नको. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनांनी अनाथ लेकरं सांभाळली, किती जीव वाचले. तरी "धान्यासाठी बाटले" हे बोल आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर ऐकले, आणि तुझ्या वर्गातही कुणीतरी ते तुला ऐकवले होते.

बाप्तिस्मा मागणारा अनुसूचित जातीतला असेल तर अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाची गोष्ट त्याला आधी समजावून सांग. हिंदूंना तो सुरुवातीपासून लागू, शिखांना १९५६ पासून, बौद्धांना १९९० पासून, ख्रिस्ती मात्र अजून बाहेर. म्हणजे मुलाच्या शिष्यवृत्तीवर, राखीव जागेवर पाणी सोडावं लागतं. हे लपवून दिलेला बाप्तिस्मा मला फसवणूक वाटते. पप्पांना हे जरा कडक वाटतं, ते म्हणतात, विश्वास हिशेब करत नाही. मी म्हणते, आईबाप करतात, आणि करावाच.

मग त्या माणसाला बाहेर ठेवायचं का? मुळीच नाही. कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येशूचे अनुयायी म्हणून एकत्र यावेत हीच त्यांची धडपड होती. दोन वर्षांत ते गेले आणि काम थांबलं, पण वाट चुकीची नव्हती. रजिस्टरात नाव नसलेला माणूस तुझ्या सतरंजीवर दहा वर्षं बसू शकतो, तेवढा धीर धर.

सगळ्यात जास्त जिथं लक्ष घालायचं ते सांगते. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी एकटी घरी ठेवायची भीती, सोबत न्यायची त्याहून भीती, म्हणून आईबाप हंगामाआधी तिचं लग्न उरकतात. नवराबायको मिळून एक कोयता होतो, उचलही जोडीवर मिळते, म्हणून मुलाकडच्यांनाही घाई. अशी पत्रिका तुझ्याकडे येईलच. शाळेचा दाखला बघितल्याशिवाय तारीख देऊ नकोस. मुलगी अठरा, मुलगा एकवीस, एक दिवस कमी नाही. बालविवाह लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, हे पंचांना वाचून दाखव. "आपल्यातलंच आहे, रात्री आठला घरच्या घरी लावून टाका" असं कुणी म्हणालं तर १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा पुढं कर: सकाळी सहा ते संध्याकाळी सात, आणि रजिस्टरात सह्या.

पण नुसतं नाही म्हणून भागत नाही. ती मुलगी सहा महिने राहणार कुठं, हे उत्तर तुझ्याकडे तयार हवं. जिल्हा परिषदेच्या हंगामी वसतिगृहांची चौकशी ऑगस्टमध्येच कर, दिवाळीनंतर जाग येऊन उपयोग नाही. नसेल तर महिला मंडळातल्या दोन बायकांनी पाळकवाड्याच्या मागच्या खोलीत चार-सहा मुली सांभाळाव्यात. तिथं पुरुषानं एकट्यानं जायचं नाही, पंच असो की पाहुणा पाळक. काही वावगं कळलं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, कमिटीत मिटवणं नव्हे. त्या खोलीत कोणत्या घरातल्या मुली येतात हे विचारू नकोस. गावाला मंडळीची ओळख त्या खोलीवरून होऊ दे.

पैशाचं थोडक्यात. दानार्पण दोघांनी मोजायचं, त्या दोघांत तू नाहीस, आणि चर्च सोडण्याआधी वहीत सह्या. हंगामाच्या सणाला, पिकाच्या अर्पणाच्या दिवशी, लिलावात एक अंडं पाचशेला जातं, एक भोपळा तिघं पुन्हा पुन्हा देऊन टाकतात, सगळे हसतात. वसूल मात्र महिनोन्महिने होत नाही. बोली लागली की तिथंच नाव लिही, आणि बाकी असलेल्यांची नावं व्यासपीठावरून वाचू नकोस, घरी जाऊन माग. परदेशातून कुणी ओळखीचा तुझ्या खात्यावर रक्कम पाठवतो म्हणाला तर हात जोड. परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं याशिवाय ते घेता येत नाही.

कमिटीत एक बाक अमेरिकन मिशनवाल्यांचा आणि एक एसपीजी या इंग्रज मिशनवाल्यांचा असेल. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, सगळे एक झाले, बाक मात्र तसेच. दोन्हीकडे जेव, कुणाची भाजी चांगली ते सांगू नकोस.

उत्तरात टोळ्या कोणकोणत्या कारखान्यांवर आहेत ते कळव. जवळची एखादी असेल तर नाताळला मीही येते, पण सोबतीला दुसरी बाई बघून ठेव, माझे गुडघे तुला माहीत आहेत.

तुझी,
आई