शब्दसंग्रह वाढवा, पण कसा?

महोदय,

मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास, म्हणजे २७ फेब्रुवारीच्या मागेपुढे, शाळा-महाविद्यालयांतून निबंधस्पर्धा होतात आणि बक्षीस समारंभात ‘चांगले लिहायचे असेल तर शब्दसंग्रह वाढवा’ हा सल्ला हमखास ऐकू येतो. सल्ला रास्तच आहे. मात्र माध्यमिक शाळेत अनेक वर्षे मराठी शिकवल्यानंतर आणि अजूनही अशा स्पर्धांचे निबंध तपासत असताना मला सतत जाणवते, की शब्दसंग्रह कशाला म्हणायचे आणि तो लिहिणाऱ्याच्या कामी कसा येतो, हे आपण मुलांना सांगतच नाही. म्हणून हे पत्र.

मुलांच्या लेखी शब्दसंग्रह म्हणजे समानार्थी शब्दांची यादी. पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय, सलिल. यादी पाठ होते, परीक्षेत गुणही मिळतात, आणि मग निबंधात ‘तहानलेल्या वाटसरूला आजीने उदक दिले’ असे वाक्य येते. वास्तविक यांतला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी जसाच्या तसा बसत नाही. हक्कावर उदक सोडतात, जलसंधारणाची कामे निघतात, पण विहिरीवरून आणतात ते पाणीच. शब्द एकटा राहत नाही, त्याची सोबत ठरलेली असते: नवस बोलतात आणि फेडतात, विडा उचलतात, पैज मारतात. पाऊस ओढ देतो, दडी मारतो, उघडीप देतो. ही सोबत यादीतून कळत नाही. ती भरपूर वाचल्याने आणि कान उघडे ठेवल्याने कळते. वाचताना अर्थ समजलेला शब्द आणि लिहिताना नेमक्या क्षणी हाताशी येणारा शब्द यांत बरेच अंतर असते, आणि लेखकाची खरी मिळकत दुसऱ्या प्रकारच्या शब्दांची असते.

पावसावरचेच निबंध घ्या. त्यांत पाऊस नेहमी ‘मुसळधार’ असतो आणि धरणी नेहमी ‘हिरवा शालू’ नेसलेली असते. हे शब्द मुलांनी पाहून नव्हे, तर मार्गदर्शक पुस्तकातून उतरवून लिहिलेले असतात. ज्यांच्या घरी शेती आहे त्या मुलांना झड लागणे, बुरबुर आणि वळीव यांतला फरक ठाऊक असतो. जमिनीत चिखल होईल इतके पाणी उरलेले नाही आणि ढेकळे निघतील इतकी ती सुकलेलीही नाही, पेरणी किंवा कुळवणी करायला अगदी जोगी ओल आहे, हे सगळे ‘वाफसा आला’ एवढ्या दोन शब्दांत त्यांचे वडील रोज बोलतात. तरीही तो शब्द निबंधात येत नाही, कारण तो गावंढळ आहे अशी समजूत आपणच, म्हणजे शिक्षकांनी आणि परीक्षकांनी, करून दिली आहे.

तीच गत स्वयंपाकघराची. कांदा चिरतात, नारळ खवतात, लसूण ठेचतात, दाणे कुटतात, मेथी निवडतात, ताक घुसळतात, भाकरी थापतात आणि पोळी लाटतात. यांतले प्रत्येक क्रियापद हाताची एक वेगळी हालचाल दाखवते. आता छापील पाककृतींतसुद्धा ‘कट करा, ॲड करा, मिक्स करा’ एवढ्यावर भागवले जाते. माझा राग इंग्रजीवर नाही. अर्ज, जमीन, पगार, टेबल हे सारे बाहेरून आलेले शब्द मराठीने आपलेसे केले आहेत आणि त्यांनी भाषा संपन्नच झाली. पण ‘कट करा’ म्हटल्यावर चिरायचे, कापायचे, छाटायचे की खुडायचे हे वाचणाऱ्याला दिसत नाही, आणि जे वाचणाऱ्याला दिसत नाही ते बहुधा लिहिणाऱ्यानेही नीट पाहिलेले नसते. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी या संतांनी आपापल्या व्यवसायाचे शब्द अभंगांत आणले, हे आपण वर्गात शिकवतो. त्यातून लेखनासाठी काय घ्यायचे, हे मात्र शिकवत नाही.

शब्दकोशांचा उपयोग येथेच आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे दोन्ही कोश आज विनामूल्य पाहता येतात. महाराष्ट्र शब्दकोशात शब्दापुढे तो वऱ्हाडी आहे की गोमंतकी, याची खूण असते, वापराची उदाहरणे असतात आणि त्या शब्दावरून झालेले वाक्प्रचारही असतात. अर्थाची एक ओळ टिपून घेऊन कोश मिटण्यापेक्षा अशी नोंद शेवटपर्यंत वाचण्याची सवय मुलांना लागली, तर पाठांतराची गरजच उरणार नाही.

आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. तालुक्याच्या वार्ताहराच्या बातमीत वाफसा, समुद्राचे उधाण, विणकराच्या मागावरचा धोटा, त्यातली सुताची कांडी असे शब्द आले तर सर्वांना कळावे म्हणून ते काढू नयेत. हवे तर त्याच वाक्यात अर्थ उलगडावा. विणकर, कोळी, सुतार, शेतकरी वाचकांना आपल्या कामाविषयी आपल्याच शब्दांत लिहिण्यासाठी आठवड्यातून एकदा थोडी जागा द्यावी. आणि स्पर्धा घेणाऱ्या संस्थांनी ‘माझा आवडता ऋतू’ हा विषय काही वर्षे बाजूला ठेवून ‘आमच्या घरी भाकरी कशी होते’ किंवा ‘आमच्या गल्लीतला शिंपी’ असे विषय द्यावेत. त्यासाठी मुलांना मार्गदर्शक पुस्तक पुरणार नाही, आजीला आणि शिंप्यालाच विचारावे लागेल.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, बार्शी